काळ्या मातीत पावसाच्या पाण्याची बाग : खानदेशात कोणती देशी झाडं टिकतील?

गिरणाकाठ · २८ एप्रिल

नमस्कार मंडळी. जळगावच्या बाहेरच्या अंगाला आमचं बैठं स्लॅबचं घर आहे. गच्ची साधारण १,००० चौरस फूट. पावसाळ्यात गच्चीचं सगळं पाणी पाइपातून फाटकाबाहेर रस्त्यावर जातं, आणि मार्च लागला की बोअर अर्ध्या तासात हवा मारायला लागते. मागच्या जुलैत एका दुपारी दोन तास नुसता कोसळत होता. शेजारच्या आजी ओट्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "बठ्ठं पानी वाया जास ना माय." मे महिन्यात त्याच ओट्यापाशी मी टँकरसाठी पिंपं मांडून बसले होते, त्यामुळे ते वाक्य फार लागलं.

मग घराच्या मागे १२ बाय १५ फुटांचा गुडघाभर खड्डा खणला, पाइप तिकडे वळवला आणि एका नर्सरीतून "पाण्यातली झाडं" आणली. वेखंड, अळू आणि पिवळ्या फुलांची एक जमिनीवर पसरणारी वेल. ऑगस्टमध्ये पाणी सहा दिवस हटलं नाही, वास सुटला, डास झाले. वेखंड डिसेंबरात पिवळं पडलं आणि मार्चमध्ये गेलं. अळूचा पत्ता नाही. पिवळ्या फुलांची वेल मात्र कुंपणापर्यंत पोहोचली आहे.

यंदा पुन्हा करायचं आहे, पण नीट. पाणी तुंबलेलं चार दिवस सोसेल आणि आपला मे महिनाही काढेल असं आपल्याच भागातलं काय लावू?

काळीमाती · २८ एप्रिल

ताई, झाडांच्या आधी मातीचं बघा. काळी माती किती खोल आहे आणि तिच्याखाली काय आहे, मुरूम, पिवळी माती की चोपण (पाणी न मुरणारी खारवट माती)? कोपऱ्यात टिकाव मारून तीन-चार फूट खाली जाऊन बघा आणि मग इथे सांगा.

आणि खड्डा भिंतीपासून किती लांब आहे? काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. पायाजवळ पाणी मुरवलं तर भिंतीला तडे जातात. आमच्या अमळनेरकडे अशी दोन घरं मी स्वतः बघितली आहेत. दहा फूट तरी सोडा, जागा असेल तर पंधरा.

गिरणाकाठ · २९ एप्रिल

भाऊ, भिंतीपासून १६ फूट आहे. आज खणून घेतलं. सव्वातीन फुटांपर्यंत काळी, त्याखाली मुरूम लागला. खड्ड्यात पाणी ओतून बघितलं तर दोन बादल्या दहा मिनिटांत गायब! मग ऑगस्टमध्ये सहा दिवस का तुंबलं?

काळीमाती · २९ एप्रिल

ते पाणी मुरलं नाही, भेगांत उतरलं. एप्रिलमध्ये आपल्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा असतात. पहिल्या दोन-तीन पावसात हेच होतं, पाणी सरसर आत जातं आणि माणूस खूश होतो. नंतर माती फुगून भेगा मिटतात, मग तासाला दोन-चार मिलिमीटरसुद्धा मुरत नाही. म्हणून उन्हाळ्यात परीक्षा घ्यायची असेल तर फूटभर खड्डा एक दिवस, एक रात्र सतत भरलेला ठेवायचा. भेगा मिटल्या की पुन्हा काठोकाठ भरायचा आणि काडीला खूण करून चोवीस तासांत किती उतरलं ते मोजायचं.

तुमच्याकडे सव्वातीन फुटांवर मुरूम आहे हे फार चांगलं. खड्ड्याच्या मधोमध दोन-अडीच फूट रुंदीचा एक चर मुरमापर्यंत न्या. तो विटांचे तुकडे, मुरूम आणि वर कुजलेलं शेणखत मिसळलेली माती यांनी भरा. नुसती वाळू कालवू नका. काळ्या मातीत थोडी वाळू घातली की ती वाळल्यावर विटेसारखी होते.

पांझरापाणी · ३० एप्रिल

धुळ्याहून लिहितोय. थोडा हिशोब मांडतो, कारण खोली चुकली की झाडं कितीही चांगली असली तरी सडतात.

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमची गच्ची ९३ चौरस मीटर. दोन तासांत ५० मिमी पडला तर साधारण ४,६०० लिटर. १२ बाय १५ चा खड्डा फक्त सहा इंच खोल ठेवला तर त्यात अडीच हजार लिटर मावतं. म्हणजे अर्ध्या गच्चीचं पाणी आरामात. उरलेल्या अर्ध्या गच्चीचा पाइप वेगळा ठेवा, त्याचं काय करायचं ते खाली लिहितो. गुडघाभर खोलीची गरज नाही. काळ्या मातीत सहा इंचच ठेवा आणि जास्तीचं पाणी बाहेर जायला एका बाजूला दगड लावून सांडवा करा. सांडवा शेजाऱ्याच्या वाड्याकडे नको, रस्त्याच्या गटाराकडे.

आमच्या पांझरेवर फड पद्धतीत शेकडो वर्षं बंधाऱ्याचं पाणी पाटाने, नुसत्या उतारावर फिरलं. पाणी कुठे अडवायचं हे जितकं पक्कं, तितकंच ते कुठे सोडायचं हेही. घरच्या बागेत माणसं पहिला भाग करतात आणि दुसरा विसरतात.

आणखी एक. अशी बाग वरची चार-पाच फूट माती ओली ठेवते, झाडं जगवते, रस्त्यावरचं पाणी कमी करते. साडेतीनशे फुटांवरच्या बोअरला तिचा थेट उपयोग धरू नका. बोअरसाठी उरलेल्या अर्ध्या गच्चीचं स्वच्छ पाणी गाळणीच्या खड्ड्यातून वेगळं सोडता येतं. पहिल्या पावसाचं धुळीचं पाणी मात्र त्यात जाऊ द्यायचं नाही.

भुसावळ_जंक्शन · ३० एप्रिल

मला डासांची काळजी वाटते. आमच्या गल्लीत दोन वर्षांपूर्वी डेंग्यूने तीन घरं आजारी होती. मुद्दाम पाणी साठवायचं म्हणजे संकट ओढवून घेणं नाही का? मी अडवायला म्हणून विचारत नाही, घरात लहान मूल आहे म्हणून विचारतोय.

पांझरापाणी · ३० एप्रिल

काळजी रास्त आहे. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठवडा, दहा दिवस लागतात. बागेतलं पाणी दोन दिवसांत आटलं तर अळी मोठी होतच नाही. ताईंच्या खड्ड्यात सहा दिवस पाणी राहिलं आणि पुन्हा पाऊस आला, म्हणून डास झाले. नियम साधा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी दिसलं की सांडव्याचा एक दगड काढायचा. पिंपांना झाकण, कूलरची टाकी आठवड्याला कोरडी, हेही त्याच्या जोडीला.

सातपुडा_पायवाट · १ मे

आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी यावलच्या बाजूला शाळेत शिकवते आणि मुलांना घेऊन नाल्यांनी हिंडते.

गिरणाकाठ ताई, तुम्ही दलदलीतली झाडं आणलीत. वेखंड आणि अळू यांना बारा महिने ओल लागते. आपल्याकडे चार महिने पाऊस, तोही सलग नाही, आणि मग आठ महिने कोरडे, त्यात पारा ४५ च्या वर. म्हणून माझं सांगणं एकच. नर्सरीत जाण्याआधी घराजवळच्या नाल्याकाठी जा. बारमाही ओढा नको, मेमध्ये ठणठणीत कोरडा पडणारा नाला बघा. पुरात बुडून आणि उन्हात भाजून जे तिथे उभं आहे, ते तुमच्या खड्ड्यात उभं राहील.

तळासाठी पहिला मान वाळ्याचा. कूलरच्या ताट्यांमुळे आपल्याला त्याचा वास माहीत असतो, पण झुडपाची ओळख नसते. मुळं आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत दोन-तीन मीटर. आठवडाभर पाण्यात उभा राहिला तरी कुजत नाही आणि उन्हाळ्यात वरून वाळला तरी बुडखा जिवंत असतो. ठोंब फोडून, पाती वीतभर ठेवून कापायची आणि एकेक फुटावर लावायचे. पहिला चांगला पाऊस झाला की त्याच आठवड्यात.

वाळ्याच्या मध्ये मारवेल गवत लावा. काळ्या जमिनीतलं आपलं बांधावरचं गवत आहे, थोडं पाणी तुंबलेलं सोसतं, मुळांचं जाळं घट्ट धरतं. गुरं आवडीने खातात, म्हणून कुंपण हवं. माका आणि केना आपोआप उगवतील, उपटू नका. केन्याची निळी फुलं सकाळी बघायला फार सुंदर दिसतात. तालिमखानाही येईल, जांभळ्या फुलांचा. काटे टोकदार असतात, त्यामुळे पायवाटेपासून दूर असेल तरच ठेवा.

उतारावर निर्गुडी. सातपुड्याच्या पायथ्याला प्रत्येक नाल्याच्या कडेला आहे. फांदी खोचली तरी लागते, शेळ्या तोंड लावत नाहीत, आजीच्या गुडघ्यांना शेकायला पाला घरातच. तिच्या मागे शतावरी चढवा.

वरच्या कोरड्या कडेला तरवड, अडुळसा, प्राजक्त. तरवडाला पाणी साचलेलं चालत नाही, पण कडेवर तो पाण्याशिवाय उन्हाळा काढतो आणि पिवळ्या फुलांनी भरतो. पिवळसर पांढरी फुलपाखरं त्याच्या पानांवर अंडी घालतात. पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका, त्या अळ्या फुलपाखरांच्याच आहेत. जागा असेल तर एक धायटी. तिच्या लाल फुलांवर फाल्गुन-चैत्रात शिंजीर पक्षी येतात, तेव्हा बाकी बाग सुकलेली असते.

झाड एखादंच हवं असेल तर पळस लावा. चिकण काळ्या मातीत, पाणी तुंबणाऱ्या बांधांवर तो पिढ्यान्‌पिढ्या उभा आहे. हळू वाढतो, धीर धरावा लागतो. करंज चालेल, पण घरापासून लांब. उंबर आणि पिंपळ मुळीच नको.

पिवळ्या फुलांची ती वेल म्हणजे बहुतेक वेडेलिया. अमेरिकेतून आलेली आहे. प्रत्येक पेराला मूळ फुटतं, एक तुकडा राहिला तरी परत पसरते. पावसाआधी सगळी काढा. नाल्याकडे फेकू नका, काळ्या पिशवीत बांधून उन्हात महिनाभर ठेवा.

केळीचं_पान · १ मे

रावेरहून. ताईंची यादी उत्तम आहे, पण कर्दळ कशी राहिली? आमच्या मोरीच्या पाण्यावर वीस वर्षं कर्दळ आहे. पाणी कितीही येऊ द्या, पिऊन टाकते. फुकट मिळते, लाल-पिवळी फुलं देते. गरीब माणसाला तिच्याइतकं सोपं काही नाही.

सातपुडा_पायवाट · २ मे

केळीचं_पान दादा, तुमचं म्हणणं पटतं. पण मोरीचं पाणी रोज येतं, म्हणून तुमची कर्दळ बारा महिने हिरवी आहे. नुसत्या पावसावर सोडली तर फेब्रुवारीत पानं जातात. आणि ती आपली नाही, अमेरिकेकडची आहे. ती वेडेलियासारखी रान व्यापत नाही, म्हणून जिथे आहे तिथे सुखाने राहू द्या. मी नवीन लावायला सांगणार नाही, कारण त्याच जागेत निर्गुडी लावली तर तिच्या जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्यांची जी रांग लागते, ती मला कर्दळीवर कधी दिसली नाही.

काळीमाती · २ मे

यादीत नको असलेलीही लिहून ठेवतो, कारण पाणी दिसलं की लोक हीच आणून लावतात. बेशरम तर नकोच, नाल्यांची वाट लावली आहे तिने. पाणकणीस एकदा घुसलं की खड्डाच त्याचा होतो. कास गवत शरदात दिसतं छान, पण त्याची मुळं शेतात शिरली तर कुळवाला दाद देत नाहीत. ही शेवटची दोन आपलीच आहेत, तरी घराच्या बागेत नकोत.

चाळीसगावची · ३ मे

कळलावी लावली तर चालेल का? पाटणादेवीच्या बाजूला श्रावणात कुंपणावर बघितली होती. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं, विसरूच शकत नाही. तिकडून एक कंद आणू का?

सातपुडा_पायवाट · ३ मे

कृपा करून आणू नका. तो भाग गौताळा अभयारण्यात येतो, तिथून रोप किंवा कंद उचलणं कायद्याने गुन्हा आहे. आणि कळलावी सगळीच विषारी आहे, कंद सर्वांत जास्त. लहान मुलं किंवा वासरू असलेल्या घरात ती नकोच. बी आणि छाट गोळा करायचे तर गावाच्या बांधावरून, रस्त्याकडेने, मालकाला विचारून. वन विभागाच्या रोपवाटिकेत करंज, पळस, अडुळसा मिळण्याची शक्यता असते, पावसाच्या तोंडावर चौकशी करा.

गिरणाकाठ · १९ मे

कामाला लागले. वेडेलिया काढायला तीन सकाळी गेल्या. वर दोन इंच दिसणाऱ्या वेलीखाली प्रत्येक पेराशी पांढऱ्या मुळांचा झुपका होता. खुरप्याने एकेक उचलावा लागला. सात पोती भरली.

मुरमापर्यंत चर नेला. चर सोडून बाकीचा खड्डा भरून सहा इंचांवर आणला. पाइप जिथे पडतो तिथे गिरणेतले नव्हे, बांधकामातून उरलेले मोठे गोटे रचले, म्हणजे धारेने माती उकरली जाणार नाही. काळीमाती भाऊंनी सांगितलेली परीक्षाही केली. आधी एक दिवस-रात्र भरून ठेवलं, मग चोवीस तासांत फूटभर पाणी पूर्ण उतरलं. चर नव्हता तिथल्या खड्ड्यात मात्र जेमतेम तीन इंच.

वाळा कुठे मिळेल?

केळीचं_पान · १९ मे

माझ्या मामांच्या शेताच्या बांधावर आहे. पाऊस पडला की चाळीस ठोंब काढून ठेवतो. आणि एक सांगतो, तळावर पालापाचोळा टाकू नका, पहिल्या सरीत तरंगून सांडव्यात अडकतो. आम्ही पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, वीतभर तुकडे करून टाकतो. ते एकमेकांत अडकून जागेवर राहतात.

गिरणाकाठ · २३ ऑक्टोबर

उशिरा लिहितेय, पण सगळा पावसाळा बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

जूनच्या शेवटी वाळा लावला. चाळीसपैकी सदतीस लागले. निर्गुडीच्या सहा छाटांपैकी पाच. मारवेलचं बी माझ्याकडून खोल पडलं म्हणून उगवलं नाही, मग बांधावरचे ठोंब आणून लावले, ते धरले. प्राजक्त एका जोरदार पावसानंतर मान टाकून होता. बघितलं तर मी तो उतारावर खूप खाली लावला होता. उचलून वर कडेला नेला, तिथे जगला.

जुलैमधल्या एका रात्री खूप पडला. पहाटे बॅटरी घेऊन गेले तर खड्डा काठोकाठ होता आणि सांडव्यावरून पाणी बारीक धारेने रस्त्याकडे जात होतं. दुसऱ्या संध्याकाळी तळ दिसत होता, वाळ्याच्या पात्यांना गाळाची रेघ होती, बोटभर उंचीवर. बेडकाचं एक पिल्लू त्या रेघेच्या वर बसलेलं होतं. पूर्ण पावसाळ्यात सांडव्याचा दगड दोनदाच काढावा लागला. गणपतीला दूर्वा आणि आघाडा घरच्या कडेवरून तोडला. शेजारच्या आजी रोज एक फेरी मारतात आणि मारवेल किती वाढलं ते मला सांगतात.

भुसावळ_जंक्शन · २४ ऑक्टोबर

वाचून बरं वाटलं, ताई. आमच्या सोसायटीच्या बैठकीत हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. पार्किंगच्या कडेची पट्टी द्यायला तयार झालेत, ३ फूट बाय २० फूट. भिंत जवळ आहे म्हणून मी आधी मोजमाप करून इथे टाकतो, मग सांगा करावं की नाही.

काळीमाती · २४ ऑक्टोबर

आधी भिंतीपासूनचं अंतर सांगा. दहा फुटांच्या आत असेल तर तिथे फक्त तरवड, अडुळसा लावा आणि पाणी दुसरीकडे न्या.

गिरणाकाठ · २१ मे

उन्हाळा निघाला का, असं दोघांनी खासगीत विचारलं, म्हणून लिहिते. पहिलं वर्ष होतं, त्यामुळे जानेवारीपासून दर दहा दिवसांनी भांडी विसळलेलं पाणी दोन बादल्या देत होते, तेही फक्त निर्गुडी आणि प्राजक्ताला. वाळ्याला काहीच दिलं नाही.

काल दुपारी बघितलं. पाती टोकापासून अर्ध्यापर्यंत पिवळी कोरडी, पण ठोंब दोन्ही हातांनी बाजूला केला तर मधली पाती हिरवी होती. वाळ्याच्या ओळीतल्या भेगा बोट जाईल एवढ्या, कुंपणापलीकडच्या मोकळ्या जमिनीत माझा हात मनगटापर्यंत गेला. मारवेल पूर्ण वाळलं आहे, मुळं ओढून बघितली तर घट्ट आहेत. तरवड फुलावर आहे. शतावरी गेली असं वाटत होतं, पण आज सकाळी बुडाशी एक तांबूस कोंब दिसला.

यंदा वाळा विरळ करायचा आहे. पहिला पाऊस झाला की पंधरा-वीस ठोंब निघतील. जळगावात कुणाला हवे असतील तर इथे लिहा. येताना गोणपाटाची ओली पिशवी आणा, मुळं उघडी नेऊ नका.

चाळीसगावची · २१ मे

ताई, पाच ठोंब माझे. कळलावीचा विचार सोडला आहे. आमचा मुरूम दीड फुटावरच लागला, चर खणून तयार आहे.